‘जागा नाही’ म्हणणाऱ्या संस्थेला द्या

पत्र

मी जिल्हा बँकेतून निवृत्त झाले. आमचा बंड्या (रस्त्यावरून आणलेला, पण तोरा अल्सेशियनचा) गेल्या पावसाळ्यात म्हातारा होऊन गेला. त्याच्या नावाने दर महिन्याला पाच हजार रुपये प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांना द्यायचे ठरवले आहे. पण द्यायचे कुणाला? फोन उघडला की जखमी कुत्र्यांचे व्हिडिओ आणि खाली क्यूआर कोड. पुण्याचा मुलगा म्हणतो, ‘कुत्र्यांना सगळेच देतात, कोंबड्यांसाठी काम करणाऱ्यांना दे. परदेशात संस्थांची तपासणी करून यादी काढतात, त्यातून निवड.’ ह्यांचे म्हणणे, ‘नांदणीच्या मठातल्या माधुरी हत्तिणीला नेली त्या दिवशीच सगळ्या प्राणीवाल्यांना हात जोडले. एक दमडी द्यायची नाही. द्यायचेच असेल तर माणसांना दे.’ ओळखीचे एक गृहस्थ गोशाळेचे विश्वस्त आहेत, त्यांचे दोन फोन येऊन गेले. शिवाय मृत्युपत्रातही काही रक्कम ठेवावी असे मनात आहे. घरात रोज वाद होतात. सांगा काय करू?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर

ताई,

आधी माधुरीचं बोलू. नांदणी तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि घरातला वाद तिथेच अडला आहे. तुमच्या यजमानांचा राग खोटा नाही, आणि त्यांची समजूत घालायला मी बसलेले नाही. तीस वर्षांहून जास्त काळ मठात राहिलेली हत्तीण जुलै २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्रात गेली. तक्रार करणारी संस्था होती पेटा, प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणारी. उच्च न्यायालयाने आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि ऑगस्टमध्ये तुमच्या भागातली माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत गेली. मुक्या जिवासाठी असं रस्त्यावर उतरणं आपल्याकडे जुनंच आहे. १८३२ मध्ये इंग्रजांनी मुंबईत भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी मंडळी अशीच खवळून उठली होती. दोन वर्षांत जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ उभा केला. भुलेश्वरला तो आजही आहे.

माझं मत विचाराल तर माधुरीच्या पायाचं दुखणंही खरं होतं आणि गावाची मायाही खरी होती. यातलं एकच ज्या संस्थेला दिसतं तिच्याबद्दल मलाही शंका येते. म्हणून देणगी देण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: प्राण्याला सोडवलंत, पण त्याच्यावर जगणाऱ्या किंवा जीव लावणाऱ्या माणसाचं काय केलंत?

या प्रश्नाला चोख उत्तर देणारी कामं आपल्या देशात झालेली आहेत. नाकात वेसण घालून नाचवलेली अस्वलं तुम्ही लहानपणी पाहिली असतील. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने अशी सहाशेहून जास्त अस्वलं सोडवली आणि २००९ मध्ये हा खेळ देशातून जवळजवळ संपला. नुसती अस्वलं जप्त केली असती तर त्यांच्यावर पोट भरणाऱ्या कलंदर समाजाने पुढच्या वर्षी नवी पिल्लं पकडली असती. त्यांना दुसरा रोजगार मिळवून दिला, मुलांना शाळेत घातलं, म्हणून ते थांबलं. आपल्या कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र आणि भाऊ काटदरे यांनी २००२ पासून कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं ते गावकऱ्यांनाच हाताशी धरून. पूर्वी ती अंडी चोरीला जायची. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे येतात आणि गावातल्या घरांमध्ये उतरतात. यजमानांना एकदा तिथे घेऊन जा. वाद घालण्यापेक्षा ते बरं.

थोडक्यात, ‘प्राणीवाले’ अशी एक जात नसते. कोर्टात लढणारे वेगळे, दवाखाना चालवणारे वेगळे, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणारे वेगळे, रानातल्या जनावरांवर संशोधन करणारे वेगळे. पेटावरचा राग मिरजेत कुत्र्याच्या पायातली काच काढणाऱ्या माणसावर काढून काय मिळणार?

आता चिरंजीव. हिशेबात ते बरोबर आहेत, मान्य करून टाका. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री दीड कोटीच्या आसपास होती, आणि कोंबड्या-बदकं मिळून पंच्याऐंशी कोटी. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीला तारेच्या पिंजऱ्यात जी जागा मिळते ती ए-फोर कागदापेक्षा कमी असते, पंख पसरणं तर दूरच. तिच्यासाठी क्यूआर कोड घेऊन कुणी फिरत नाही. ते ज्या यादीबद्दल बोलतात ती बहुधा ‘अ‍ॅनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स’ या अमेरिकेतल्या संस्थेची असावी. संस्थांचं काम तपासून, दिलेल्या पैशात किती प्राण्यांचं दुःख कमी होतं याचा अंदाज बांधून ते दर वर्षी शिफारशी काढतात. पद्धत चांगली आहे आणि ती उघडपणे मांडलेली असते. पण ते अंदाज आहेत, बँकेचा ताळेबंद नव्हे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि सांगली-कोल्हापुरात दोन खोल्यांत दवाखाना चालवणारं कुणी त्या यादीत कधीच सापडणार नाही. यादीत नाही म्हणून ते वाईट ठरत नाहीत. त्यांना कुणी तपासलेलं नसतं, इतकंच.

मुलाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगते, कारण लोकांना ती पटकन दिसत नाही. आपल्याकडे गिधाडं गेली ती आठवतात? नव्वदच्या दशकात आकाशातून गायबच झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातली नव्याण्णव संपली. आधी कुणाला कारणच कळेना. मग संशोधकांनी शोधून काढलं की गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये मोठ्या बाटल्याही बंद केल्या. पुढे २०२३ मध्ये गिधाडांना तशीच घातक असलेली जनावरांची आणखी दोन औषधं बंद झाली: किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक. यामागे बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या संस्थांची वर्षानुवर्षांची चिकाटी आहे: मेलेली गिधाडं तपासणं, औषधांच्या दुकानांतून नमुने घेणं, मंत्रालयाचे उंबरठे झिजवणं. यातलं काहीही रीलमध्ये बसत नाही. एकाही गिधाडाला मलमपट्टी न करता जितकी गिधाडं या कामाने वाचली असतील, तितकी दवाखान्यांनी वाचली नसती. तेव्हा ‘हे लोक नुसते कागद काळे करतात’ असं कुणी म्हणालं तर थोडं थांबून विचार करा.

असं असूनही तुम्ही सगळे पैसे कोंबड्यांना किंवा गिधाडांना द्या असं मी म्हणणार नाही. हे पैसे बंड्याच्या नावाचे आहेत. साडेतीन हजार कुत्र्यांच्या कामाला द्या, दीड हजार मुलाला सांगून त्याच्या पसंतीच्या कामाला. वर्षाने दोघं मिळून बघा कुणी काय केलं. दहा ठिकाणी पाचशे-पाचशे वाटू नका. त्यात पावत्या सांभाळण्यापलीकडे काही होत नाही, आणि संस्थेला दर महिन्याची खात्रीची रक्कम जितकी उपयोगी पडते तितकी एकदाची मोठी पडत नाही. पगार दर महिन्याला द्यायचा असतो.

पगारावरून आठवलं. ‘आमच्याकडे सगळे सेवाभावी, कुणी पगार घेत नाही’ हे ऐकून भारावून जाऊ नका. रात्री दोनला सलाइन बदलणाऱ्याला पगार हवाच, तोही वेळेवर. पगारावर किती टक्के जातात यापेक्षा, त्या पगारात काम काय होतं ते विचारा.

कुत्र्यांचं काम कसं ओळखायचं, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचे जास्त पैसे तिथे जाणार आहेत.

पहिली परीक्षा दारातच होते. फोन करून सांगा, ‘रस्त्यावर एक पिल्लू सापडलंय, आणू का?’ जी संस्था लगेच ‘आणा, आणा’ म्हणते तिच्याबद्दल सावध राहा. जी विचारते, ‘आई जवळपास आहे का? जखम आहे का? नसेल तर तिथेच राहू द्या, आमच्याकडे सध्या जागा नाही’, तिच्याकडे वळा. ऐकायला उलटं वाटेल. पण पन्नासच्या जागेत दीडशे कुत्री कोंबली की पार्व्हो आणि डिस्टेंपरसारखे कुत्र्यांचे साथीचे रोग पसरतात आणि रस्त्यावर जगलं असतं ते पिल्लू आठवड्यात मरतं. नाही म्हणायला धैर्य लागतं, कारण नाही म्हटलं की लोक फेसबुकवर शिव्या घालतात. येत्या काळात तर ही परीक्षा जास्तच कामाला येईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. म्हणजे आता निवारे उभे राहणार, आणि त्यांच्या नावाने वर्गणी मागणारेही. प्रत्येकाला विचारा: किती कुत्र्यांची सोय आहे आणि आज किती आहेत?

दुसरं, तिथे स्वतः जा. सांगून जा, पण त्यांना सोयीची वेळ मागू नका. तुम्ही बँकेत होतात, वही वाचता येते तुम्हाला. आवक-जावक रजिस्टर मागा. त्यात तारीख, कुठून आणला, नर की मादी, काय झालं होतं, कोणी उपचार केले हे रकाने असतील. तुम्ही शेवटचा रकाना बघा: बरा होऊन सोडला, दत्तक गेला, मेला, दयामरण दिलं. मेलेल्यांची नोंद सरळ, तारखेनिशी, कारणासकट असेल तर संस्था भरवशाची. ‘आमच्याकडे कुणी मरत नाही’ म्हणणाऱ्याकडून पाणी पिऊन परत या. गाडीखाली आलेली, किडे पडलेली, म्हातारी जनावरं जिथे येतात तिथे काही मरणारच.

रजिस्टर झालं की चार पावलं फिरा. नवीन आलेल्या जनावरांना वेगळं ठेवण्याची खोली आहे का? लसींचा फ्रिज बघा: आत थर्मामीटर असावा, दोन ते आठ अंशांच्या मध्ये, आणि त्यात कुणाचं ताक-दही नसावं. ऑपरेशन झालेल्यांच्या पिंजऱ्यावर तारखेचं कार्ड असावं. वास येणारच, पण तो फिनेलचा आहे की तुंबलेल्या गटाराचा, हे नाकाला कळतं.

नसबंदीचं काम असेल तर कागदही बघा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे हे काम करणाऱ्याला भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता लागते. आणि ‘आम्ही वर्षभरात इतकी कुत्री केली’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुठल्या भागातली आणि तिथल्या शंभरातली किती, ते विचारा. शहरभर विखुरलेली हजार कुत्री केली तर काहीच फरक पडत नाही. एका वॉर्डातली बहुतेक सगळी एका हंगामात झाली तरच पुढच्या वर्षी पिल्लं कमी दिसतात. लसीकरणाचंही तेच, साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने आणि राज्य सरकारने हेच केलं. दर वर्षी ९० हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, प्रत्येकाची फोनवर नोंद, शाळांमध्ये मुलांना शिकवणं, आणि पिसाळलेलं कुत्रं दिसल्याची खबर मिळताच धावणारं पथक. तिथल्या कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच पाडतात. तुमच्या गल्लीतल्या किती कुत्र्यांच्या कानाला ती आहे, ते उद्या सकाळी दूध आणायला जाताना मोजा. कोण खरं काम करतंय ते तिथेच कळेल.

‘माणसांना द्या’ म्हणणाऱ्या यजमानांना हा आकडा दाखवा. रेबीज एकदा अंगात भिनला की माणूस वाचत नाही, आणि कुत्रं चावतं ते जास्त करून गरिबाच्या पोराला. कुत्र्याला टोचलेली लस पोराच्याही कामाची आहे.

इन्स्टाग्रामवरचं थोडक्यात. खोटे ‘रेस्क्यू’ व्हिडिओ हा जगभर धंदा झालाय. अजगराच्या विळख्यातलं मांजराचं पिल्लू तुम्हीही पाहिलं असेल. वाचवणारा पोचायच्या आधीच कॅमेरा तिथे कसा होता, एवढं स्वतःला विचारलं की पुरतं. पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागत असतील तर दवाखान्याचं नाव विचारा आणि बिल थेट दवाखान्याला भरा. खरा माणूस आनंदाने नाव देतो. तुमच्या कॉलनीत रात्री कुत्र्यांना खायला घालणारी एखादी बाई असेल तर तिला मात्र पावती मागू नका. तिला लसीकरणाच्या दिवशी कुत्री पकडायला मदत करा, ती सगळ्यांना नावाने ओळखत असते.

गोशाळेचं. विश्वस्त ओळखीचे आहेत म्हणून संकोच करू नका. ओळखीतच जास्त विचारावं. राज्य सरकारने २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरवलं. तेव्हा पहिला प्रश्न: अनुदान किती गाईंचं घेता आणि गोठ्यात किती आहेत? प्रत्येक गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, पाच-सहा नंबर टिपून घ्या आणि रजिस्टरशी ताडून बघा. दुसरा प्रश्न: भाकड आणि म्हाताऱ्या किती? सगळ्या दुभत्याच दिसल्या तर ती डेअरी आहे, आणि डेअरीला देणगी कशाला? हिशेब जुळला, चारा उन्हाळ्यापुरता भरलेला दिसला, तर एखाद्या महिन्याचे पैसे खुशाल द्या. चाऱ्याच्या दुकानात भरा, हातात नको.

कागदपत्रं तुम्हाला शिकवायला नकोत, तरी आठवण. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, ऑडिट केलेला ताळेबंद, देणगीवरच्या करसवलतीचा म्हणजे ८०जीचा क्रमांक. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तरच वजावट मिळेल, नव्या प्रणालीत मिळत नाही, आणि दोन हजारांच्या वर रोख दिलेल्यावर तर कुठेच नाही. पण पावती करासाठी नको असली तरी घ्या. ती देताना जो टाळाटाळ करतो तो पुढे आणखीही काही टाळणार. ८०जी आहे म्हणजे काम चांगलं आहे असं मात्र नाही. कागद नीट असणं वेगळं आणि कुत्रं नीट असणं वेगळं.

या सगळ्याआधी दोन नंबर फोनमध्ये घालून ठेवा, फुकटचे आहेत: गुरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ आणि रानातलं जनावर अडचणीत दिसलं तर वनखात्याचा १९२६. आकडे इतके सारखे आहेत की गोंधळ होतो, म्हणून नावासकट घाला.

राहिलं मृत्युपत्र. त्यात ‘प्राण्यांच्या कल्याणासाठी’ असं मोघम लिहू नका, त्यावरून मुलं आणि वकील दोघंही भांडतील. संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि रक्कम किंवा टक्केवारी लिहा. ती संस्था तोवर बंद पडली तर पैसे कुणाला, हेही लिहा. छोट्या संस्था एका माणसाच्या जोरावर चालतात आणि तो माणूस थकला की बंद पडतात. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. आणि हे आत्ताच लिहू नका. आधी दोन वर्षं दर महिन्याचे पैसे देऊन त्यांचं रजिस्टर बघा, मग वकिलाकडे जा.